वाघ विकणे आहे : नवख्या गिऱ्हाइकासाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

मिशिगनमध्ये पंचवीस-तीस वर्षं काढलेल्या मराठी माणसाला पन्नाशीनंतर करण्यासारखं फारसं उरत नाही. कढीपत्त्याचं झाड हिवाळाभर घरात जगवून झालेलं असतं. मंडळाच्या कार्यकारिणीत जाऊन झालेलं असतं आणि गणपतीच्या जेवणाच्या कंत्राटावरून तिथून बाहेरही पडून झालेलं असतं. मुलं कॉलेजला गेलेली असतात, त्यांच्याबरोबर घरातली जुनी होंडाही गेलेली असते, आणि गराजमध्ये एका गाडीची जागा रिकामी दिसायला लागते. ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स, सगळीकडे ही जागा आहे आणि तिच्याकडे बघत उभा राहिलेला एकेक इंजिनिअर आहे. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या गाड्यांचं ब्रेकचं सॉफ्टवेअर नाहीतर दाराच्या रबराची ड्रॉइंग्ज तपासली. आता त्याला स्वतःसाठी अशी गाडी हवी आहे, जिच्यात सॉफ्टवेअर नाही आणि डोक्यावर पत्राही नाही.

अशा माणसाला परावृत्त करायच्या भानगडीत पडू नये. त्याला निदान नीट खरेदी करायला शिकवावं.

कोणती गाडी

या पुस्तिकेत एकाच गाडीचा विचार केला आहे : १९६६ सालची पॉन्टियाक जीटीओ, कन्व्हर्टिबल, रिस्टोअर केलेली. मस्टँग का नको, असं विचाराल. मस्टँगकडे बघून रस्त्यात कोणी थांबत नाही, आणि कोणी थांबणार नसेल तर एवढा खर्च कशाला करायचा? शिवाय जीटीओ इथलीच. डेट्रॉइटहून वुडवर्ड अव्हेन्यूने सरळ वर गेलात की पॉन्टियाक नावाचं गावच लागतं. पॉन्टियाक हा ब्रँड जनरल मोटर्सने २०१० साली गुंडाळला, गाव अजून आहे.

इतिहास, जेवढा पार्टीत लागतो तेवढाच

१९६३ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला लावलं. पॉन्टियाकची तर सगळी पत शर्यतींवर उभी. त्यात वरिष्ठांचा आणखी एक नियम होता : मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टियाकचे मुख्य इंजिनिअर जॉन डेलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स आणि रस गी यांच्या लक्षात आलं की मोठ्या गाड्यांतलं ३८९ घनइंचांचं इंजिन मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये, आहे त्याच माउंटिंगवर, अलगद बसतं. मोठ्या गाडीचं इंजिन लहान गाडीत : पुढे ज्याला 'मसल कार' म्हणू लागले त्याचं सगळं शास्त्र एवढंच.

राहता राहिला नियम. तर नियम होता तो नव्या मॉडेलला. गिऱ्हाइकाने जादा पैसे देऊन मागवायच्या वस्तूंच्या यादीला वरिष्ठांची मंजुरी लागत नव्हती. मग १९६४ सालच्या टेम्पेस्ट ला-मान्सच्या यादीत, रेडिओ-हीटरच्या पंगतीत, 'जीटीओ' नावाचा एक ऐच्छिक संच दाखल झाला आणि विभागप्रमुख पीट एस्टेस यांनी त्यावर सही केली. मंत्रालयात आयुष्यात एकदा जरी फाईल हलवली असेल, तर तुम्हाला या कामगिरीचं मोल सांगायला नको. विक्रीखात्याने भीतभीत पाच हजार गाड्यांची तयारी दाखवली होती. पहिल्या वर्षी ३२,४५० खपल्या.

नाव सरळ फेरारीच्या २५० जीटीओवरून उचललं. फेरारीवाले संतापले, पॉन्टियाकला फुकटची प्रसिद्धी मिळाली. मार्च १९६४ च्या 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने मुखपृष्ठावर दोघींना समोरासमोर उभं केलं आणि पॉन्टियाकचं तोंड भरून कौतुक केलं. त्या चाचणीला पुरवलेल्या गाडीत ३८९ चं नव्हे, तर त्याहून मोठं ४२१ चं इंजिन घातलेलं होतं, हे जाहिरात सांभाळणाऱ्या जिम वँगर्स यांनी कितीतरी वर्षांनी कबूल केलं. म्हणजे या गाडीची कीर्ती जिथून पसरली तिथेच इंजिन बदललेलं होतं. एवढं ध्यानात ठेवलंत, तर आजच्या विक्रेत्याचा राग येणार नाही. तो परंपरा चालवतो आहे.

१९६६ पर्यंत चोरून दाखल झालेला संच घरचा धनी झाला होता. जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल ठरलं आणि त्या एका वर्षात ९६,९४६ गाड्या विकल्या गेल्या. एवढ्या पुन्हा कधी नाहीत. त्यातल्या १२,७९८ उघड्या टपाच्या. या आकड्याचं पुढे काम आहे.

जाहिरातींत तेव्हा या गाडीला वाघ म्हणत. १९६५ मध्ये हर्स्ट या गिअर-लिव्हर बनवणाऱ्या कंपनीने एक गाण्याची तबकडी काढून स्पर्धाच लावली : गाण्यात 'टायगर' किती वेळा येतं ते मोजा आणि सोनेरी जीटीओ जिंका. सगळी अमेरिका वाघ मोजत बसली होती, आणि आपण मुलांना पाढे पाठ करायला लावतो.

इंजिनाबद्दल एकच हिशेब पाठ करा. ३८९ घनइंच म्हणजे सुमारे ६.४ लिटर, त्याला सिलिंडर आठ. भागून बघा, एका सिलिंडरला साधारण ७९७ सीसी येतात. मारुती ८०० चं आख्खं इंजिन ७९६ सीसीचं होतं. तुमच्या पहिल्या मारुतीत बसून पाच माणसं महाबळेश्वरचा घाट चढली होती. या बॉनेटखाली तशा आठ आहेत, आणि आठही जणी पेट्रोल पितात. गॅलनला दहा-बारा मैल धरून चाला. लिटरमध्ये करायला जाऊ नका.

जाहिरात वाचणे

जाहिरातीत गाडी संध्याकाळच्या उन्हात तळ्याकाठी उभी असते. टप खाली पाडलेला. बॉनेटखाली क्रोमचा लखलखाट. सीटवर एक सुरकुती नाही. टायरवर बारीक लाल पट्टी.

आता मन घट्ट करा. अमेरिकेत या जातीच्या गाड्यांच्या सुट्या भागांचे जाडजूड कॅटलॉग निघतात. जाळीतला 'जीटीओ' बिल्ला मिळतो. मॉरोकाइडची सीटकव्हरं मिळतात. (मॉरोकाइड म्हणजे रेक्झिनच, पॉन्टियाकने त्याला मोरोक्कोचा वास येईलसं नाव दिलं.) लाल पट्टीचे टायर मिळतात, गालिचे, रबरं, बंपर, मागचे अख्खे पत्रे मिळतात. एकामागे एक तीन कार्बोरेटरची सुप्रसिद्ध 'ट्राय-पॉवर' रचनाही मिळते. म्हणजे फोटोत जे जे दिसतं ते ते विकत आणता येतं. म्हणून फोटोत जे येत नाही त्याचेच पैसे द्यायचे. हे एक सूत्र पाळलंत तर पुस्तिकेचा बाकीचा भाग वाचला नाहीत तरी चालेल; पण वाचा, कारण तुम्ही ते पाळणार नाही.

ट्राय-पॉवरचा मोह भल्याभल्यांना होतो. चार-बॅरलच्या साध्या कार्बोरेटरवर कंपनी ३३५ अश्वशक्ती सांगायची, ट्राय-पॉवरवर ३६०. आणि १९६६ हे त्याचं शेवटचं वर्ष, म्हणून भाव चढा. पण तीनपैकी मधला एकच कार्बोरेटर एरवी काम करतो. पुढचा-मागचा उघडतात तुम्ही पेडल तळाला टेकवल्यावर. तुम्ही गेली तीस वर्षं स्पीड लिमिटच्या दोन मैल खाली गाडी चालवता. तुमच्या हयातीत ते दोघे जागे व्हायचे नाहीत. त्यांचे पैसे द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. बहुतेक जण देतात.

'ट्रिब्यूट' असं लिहिलेलं असेल तर ती जीटीओ नाही, जीटीओचे कपडे घातलेली ला-मान्स आहे. असं उघड लिहिणारा विक्रेता सज्जन समजावा. 'लावून ठेवली तेव्हा चालू होती' या वाक्यात लावून कधी ठेवली ते नसतं.

कागद

गावाकडे जमीन घेताना आपण पीक बघत नाही, आधी सातबारा बघतो. इथेही तेच. गाडीचा नंबर १९६६ साली डॅशबोर्डवर, काचेतून वाचता येईल असा नसायचा. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडायचं, गुडघे टेकायचे, आणि बिजागरीच्या खांबावरची छोटी पट्टी वाचायची. गुडघे टेकताना कण्हू नका. भाव तिथेच वाढतो.

नंबर २४२६७६ ने सुरू झाला पाहिजे. पहिला २ म्हणजे पॉन्टियाक, ४२ म्हणजे जीटीओ, ६७ म्हणजे कन्व्हर्टिबल, शेवटचा ६ म्हणजे १९६६. पुढचं अक्षर कारखान्याचं. इंग्रजी 'पी' असेल तर गाडी पॉन्टियाक गावातच जुळली. सुरुवातीला २३७ दिसलं तर ती ला-मान्स. मग बिल्ला कितीही चमको, नमस्कार करावा आणि चहा न घेता निघावं. पट्टीभोवतीचा रंग खरवडलेला किंवा पट्टी हलवल्यासारखी वाटली, तर नमस्कारही नको.

हा सोपा उपाय १९६४ आणि १९६५ च्या गाड्यांना चालत नाही, हे लक्षात घ्या. तेव्हा जीटीओ हा यादीतला ऐच्छिक संच होता, त्यामुळे गाडीच्या नंबरात त्याचा मागमूस नाही. डेलोरियन मंडळींनी वरिष्ठांच्या डोळ्यांत जी धूळ फेकली ती साठ वर्षं उडते आहे आणि आता तुमच्या डोळ्यांत जाते. त्या गाड्यांसाठी, आणि खरं तर १९६६ च्या गाडीसाठीही, पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे पैसे भरून कारखान्याच्या मूळ नोंदीची प्रत मागवायची. गाडी कोणत्या इंजिनाची, कोणत्या गिअरबॉक्सची, काय काय जादा घालून डीलरकडे गेली, ते त्यात लिहिलेलं असतं. विक्रेत्याने ती प्रत आधीच लॅमिनेट करून ठेवली असेल तर उत्तम. ठेवली नसेल आणि 'मी वेळच काढला नाही' म्हणाला, तर तुम्ही वेळ काढा. हजारभर तास सँडपेपर मारायला ज्याला वेळ मिळाला, त्याला एक पत्र पाठवायला मिळाला नाही, हे कसं?

आता 'मॅचिंग नंबर्स'. हे शब्द उच्चारताना विक्रेता आवाज खाली आणतो. तुम्ही शांतपणे विचारायचं, 'कशाशी?' कारण गाडीचा नंबर इंजिनावर ठोकायला पॉन्टियाकने सुरुवात केली १९६८ मध्ये. १९६६ च्या इंजिनावर तो नसतोच. त्यावर असतात दोन अक्षरं : डब्ल्यूटी म्हणजे साध्या कार्बोरेटरचं मॅन्युअल गिअरवालं, डब्ल्यूएस म्हणजे ट्राय-पॉवरचं. त्याखेरीज ब्लॉक ओतला त्या दिवसाची खूण असते : महिन्याचं अक्षर, तारीख, सालाचा शेवटचा आकडा. बॉनेट उघडल्यावर आतल्या पत्र्यावर बॉडीची पट्टी असते, तिच्यावर '०३सी' असेल तर बॉडी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली. ब्लॉक त्याच्या थोडा आधीचा हवा. बॉडी मार्चची आणि इंजिन जूनचं निघालं तर बाळ बापाच्या आधी जन्मलेलं आहे. हे वाक्य मनातल्या मनात म्हणावं.

गाडीखाली जाणे

जुने कपडे घालून जा. नवखी गिऱ्हाइकं नेमकी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालतात आणि मग वाकत नाहीत.

मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मीठ पत्रा खातं, आणि खातं ते खालून, कोपऱ्यातून, जिथे रंगाची बंदूक पोचत नाही. कन्व्हर्टिबलला वर छप्पर नसल्याने सगळा भार चासीवर. म्हणून तिच्या चासीच्या बाजूच्या पट्ट्या पेटीसारख्या चारही बाजूंनी बंद केलेल्या असतात. भक्कम खऱ्या, पण आत गेलेलं पाणी आणि मीठ बाहेर यायला वाट कमी. बाहेरून काळा चकचकीत रंग, आतून भुगा. मागच्या चाकांच्या वर आणि मागे बोटाच्या पेराने टकटक करत जा. आवाज ठणठणीत येता येता एकदम बद्द आला, की थांबा.

खिशात फ्रिजवरचं लोहचुंबक ठेवा, त्याला पातळ रुमाल गुंडाळा. मागच्या चाकामागच्या पत्र्यावर खालच्या कडेपासून वर सरकवत न्या. पत्रा असेल तिथे चुंबक धरतं. लांबी भरलेली असेल तिथे सुटून तळहातात पडतं. हे काम विक्रेत्याच्या देखत करावं की त्याच्या पाठीमागे, यावर दोन मतं आहेत. आमचं मत देखत. तो काय म्हणतो हे ऐकण्यासारखं असतं. 'तिथे थोडं काम केलंय' असं तो चुंबक पडायच्या आधी म्हणाला तर गाडी घ्या. नंतर म्हणाला तर भाव पाडा.

डिकी उघडा. गालिचा उचला. स्टेपनीच्या खालचा पत्रा बघा. मग मागच्या सीटच्या पाठची ती खोलगट जागा, जिथे टप घडी होऊन बसतो, तिथे बॅटरी मारा. टपावरून झिरपलेलं पाणी तिथेच साचतं. रिस्टोअर करणाऱ्याने तिथपर्यंत हात घातला असेल तर त्याने सगळीकडे घातला आहे.

शेवटी दार. अर्धवट उघडा, कडेला धरून हलकेच वर उचलून बघा. बिजागरीच्या पिना झिजल्या असतील तर दार हातभर नाही तरी बोटभर उचललं जातं. मग दार लावून त्याच्या मागच्या फटीकडे बघा. वर जेवढी फट तेवढीच खाली पाहिजे. वर चिमटलेली आणि खाली फाकलेली असेल तर गाडी मधून वाकली आहे, आणि यावर कॅटलॉगात काहीही मिळत नाही.

कॅलिफोर्निया-ॲरिझोनाकडची गाडी असेल तर गंज कमी असतो. उन्हाने डॅशबोर्ड आणि रबरं तडकलेली असतात. तो सौदा बरा. रबर नवं मिळतं.

टप

जाहिरातीतल्या एकाही फोटोत टप वर नसतो. म्हणून गेल्या गेल्या पहिलं वाक्य : 'जरा टप लावता का?' वाघासारखा उभा असलेला विक्रेता इथे पहिल्यांदा आकाशाकडे बघतो.

बटण दाबलं की मागच्या सीटमागचा विजेचा पंप घुंई करतो, दोन बाजूंचे हायड्रॉलिक दट्टे सांगाडा उचलतात, आणि टप पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत येऊन थांबतो. पुढचे खटके हाताने लावायचे. खटका लावायला विक्रेत्याला गुडघा टेकून, दात आवळून जोर करावा लागला, तर कापड आखडलं आहे. कारण टप वर्षानुवर्षं खालीच होता, फोटोसाठी. एक बाजू पुढे आणि एक मागे राहिली तर त्या बाजूचा दट्ट्या गळतो, आणि ते तेल जातं मॉरोकाइडवर. मागची खिडकी प्लॅस्टिकची असेल आणि तिच्यातून जग कावीळ झाल्यासारखं दिसत असेल, तर तेवढं सोडून द्या. मागे बघायची वेळ फार येत नाही.

चालवून बघणे

ही गाडी पळते उत्तम. थांबायचं तिने फारसं मनावर घेतलेलं नाही. दीड टनाच्या वरच्या या प्राण्याला चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम ब्रेक. डिस्क ब्रेक कारखान्याने जीटीओला १९६७ पासून देऊ केले, तेही मागून घेतले तर. शिवाय १९६६ च्या मास्टर सिलिंडरला एकच कप्पा. कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. तुम्ही हयातभर ब्रेकच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग केलंत, त्याचा इथे उपयोग एकच : तुम्हाला भीती नेमकी कशाची वाटते आहे ते कळतं. आधीच्या मालकाने मूळपणाचा सोस सोडून पुढे डिस्क आणि दोन कप्प्यांचा सिलिंडर बसवून घेतला असेल, तर शुद्धतावादी नाक मुरडतील. तुम्ही त्याचे आभार माना.

ऑटोमॅटिक असेल तर तिच्यात गिअर दोनच असतात, बिघाड नाही. १०.७५ला १ असा दाब असल्याने पेट्रोल सर्वांत महाग दर्जाचं. त्यातलं इथेनॉल जुनी रबरी नळी हळूहळू खातं, म्हणून नळ्या नव्या आहेत का ते विचारा, आणि तुमच्या मित्राला गाडीमागे चालत येऊन वास घ्यायला सांगा. कमरेचा पट्टा आहे, खांद्याचा नाही.

भाव

विक्रेता आत जातो आणि एक फाईल आणतो. फाईल जाड असते. तिच्यात क्रोमिंगचं बिल असतं, रंगाचं असतं, टपाच्या कापडाचं, इंजिन उघडल्याचं, आणि कुठल्याशा दूरच्या राज्यातून मागवलेल्या एका बटणाचं. बॉडी चासीवरून उतरवून, नट-बोल्ट सुटा करून केलेल्या कामाला हजार तास सहज लागतात, आणि इथल्या कारागिराचा तासाचा दर तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्या बिलांची बेरीज मागितलेल्या भावापेक्षा जास्त येते. जवळजवळ दर वेळी येते. १९६६ मध्ये ही गाडी तीन-एक हजार डॉलरला नवी मिळत होती. आज चांगली जमलेली कन्व्हर्टिबल पन्नास हजारांच्या पुढे बोलते, कागदासकट ट्राय-पॉवर असेल तर बरीच पुढे. तरीसुद्धा जो दुरुस्त करतो तो बुडतो आणि जो दुरुस्त झालेली घेतो तो बुडालेल्याच्या खांद्यावर उभा राहतो.

म्हणून दोन गोष्टी. एक, 'अर्धवट झालेली स्वस्तात मिळते, उरलेलं मी वीकेंडला करीन' हा विचार आला की डोक्यावर थंड पाणी घाला. दोन, त्या माणसासमोर फाईलची बेरीज करू नका. त्याला ती माहीत आहे. त्याच्या बायकोला नाही, आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे.

घासाघीस करताना तुळशीबागेतला अर्ध्यावरून सुरू करायचा रिवाज इथे चालत नाही. चुंबक जिथे पडलं ती जागा, दाराची फट, टपाचा न लागलेला खटका, एवढ्यांची नावं घ्या आणि गप्प बसा. अमेरिकन माणसाला शांतता सहन होत नाही. आकडा तोच खाली आणतो. मग इसार म्हणून जे काही द्यायचं ते पावती घेऊन द्या, आणि टायटलच्या कागदावरचा नंबर पट्टीवरच्या नंबराशी अंक न् अंक जुळवून बघा. हो, पुन्हा गुडघे टेकून.

घरी सांगणे

खरेदीआधी सांगावं. नंतर सांगता येत नाही, कारण ही गाडी आवाज करते.

बायको पहिला प्रश्न विचारेल : 'अहो, एवढ्यात पुण्यात...' वाक्य पुरं होण्याआधी मान डोलवा. हो, तेवढ्यात पुण्यात फ्लॅटचा पहिला हप्ता झाला असता. फ्लॅट उघडा पाडून त्यात बसून आइस्क्रीम खायला जाता येत नाही, हे उत्तर तयार असलं तरी देऊ नका. विम्याचं सांगा : जुन्या गाड्यांचा विमा ठरलेल्या किमतीचा असतो, आणि गाडी कमी चालवायच्या बोलीवर हप्ता परवडतो. 'कमी चालवायची' हे तिला आवडेल.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवावीच लागेल. 'जुनी का रे घेतलीस? नवी परवडत नव्हती का?' आणि फोन थोडा वर केल्यावर, 'वरचं छप्पर कुठे गेलं?' तिला ट्राय-पॉवर समजावू नका. गाडीला हार घाला, चाकाखाली लिंबू ठेवा, नारळ फोडा. गाडीच्या रंगावर नारळाचं पाणी उडू देऊ नका. त्या रंगाचं बिल फाईलमध्ये आहे.

रस्त्यावर

मिशिगनमध्ये पंचवीस वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक नंबरप्लेट घेता येते. अट अशी की गाडी प्रदर्शनाला, मिरवणुकीला, क्लबच्या कार्यक्रमाला न्यायची. रोजच्या कामाला नाही. अपवाद ऑगस्ट महिन्याचा. ऑगस्टमध्ये कायद्याने ती कुठेही नेता येते, पटेल ब्रदर्समध्ये कोथिंबीर आणायलासुद्धा. वर्षातला एक महिना कोथिंबिरीला ३३५ अश्वशक्ती मिळते. जुलैच्या अखेरीस फ्रिज रिकामा करून ठेवा.

त्याच महिन्यात, तिसऱ्या शनिवारी, वुडवर्ड ड्रीम क्रूझ. १९९५ साली फर्नडेल गावातल्या मुलांच्या फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे जमवायला सुरू झालेला हा प्रकार आता एवढा वाढला आहे की त्या दिवशी वुडवर्डवर गाड्या चालत नाहीत, सरकतात. साठच्या दशकात याच रस्त्यावर रात्री सिग्नल ते सिग्नल शर्यती लागत, आणि रॉयल ओकमधला रॉयल पॉन्टियाक हा डीलर त्यासाठी जीटीओ खास हात फिरवून द्यायचा. आज त्याच सिग्नलला तुम्ही वीस मिनिटं उभे असता. इंजिनाच्या काट्याकडे बघत राहा, तापमान चढायला लागलं की कडेला घ्या, बॉनेट उघडा आणि मुद्दामच उघडलं आहे असा चेहरा करा. दोन मिनिटांत भोवती माणसं जमतात आणि कोणालाही संशय येत नाही.

पेट्रोल भरायला जाताना तासभर हाताशी ठेवा. साडेएकवीस गॅलनची टाकी भरायला पाच-सात मिनिटं लागतात, बाकीचा वेळ म्हाताऱ्यांसाठी. बेसबॉलची टोपी घातलेला एक जण पलीकडच्या पंपावरून येईल, पुढच्या फेंडरवर हात ठेवून विचारेल, 'सहासष्ट?' आणि मग सांगेल की त्याच्याकडे हीच होती, हाच रंग, हाच टप, व्हिएतनामला जाताना विकली. किंवा लग्न ठरलं म्हणून विकली. त्याच्यामागे दुसरा उभा असेल, त्याच्याकडेही हीच होती. एका ऑगस्टमध्ये असे किती भेटतात ते मोजू नका, आणि १२,७९८ शी त्याचा मेळ तर मुळीच घालू नका. मिशिगनमधल्या म्हाताऱ्यांना एकेक द्यायची तर पॉन्टियाकला आणखी दहा वर्षं रात्रपाळी करावी लागली असती. त्यातल्या कितींकडे ला-मान्स होती, कितींकडे शेजाऱ्याची होती, ते विचारायचं नाही. किल्ली काढून त्याच्या हातात द्या आणि म्हणा, बसा आत. फक्त इंजिन बंद असू द्या, आणि तो उठेपर्यंत ब्रेकबद्दल काही बोलू नका.